चौघांत एक ताट: नाशिकच्या खाद्य महोत्सवात चालत-चाखत फिरायचं कसं

नाशिकमध्ये खाद्य महोत्सव लागला, की पहिल्यांदा जाणाऱ्याची गत ठरलेली असते. फाटकातून आत शिरल्या शिरल्या मिसळ, तिसऱ्या स्टॉलवर उलटा वडापाव, त्यावर उसाचा रस. पार टोकाला बचत गटाच्या मावशी खापरावर मांडा (मोठी, पातळ पुरणपोळी) टाकत असतात, पण तिथे पोचेपर्यंत पोटात तीळभर जागा उरलेली नसते. मांडा बांधून घरी न्यावा, तर वाटेतच त्याचा लुसलुशीतपणा जातो. पैसे गेले, पोट फुगलं, आणि जे एरवी मिळत नाही नेमकं तेच राहून गेलं.

जेवायला बसलो की भूक भागवायची असते. चाखायला निघालो की ती शेवटच्या थांब्यापर्यंत पुरवायची असते. किती घ्यायचं, कोणत्या क्रमाने, किती जणांत आणि कुठे थांबायचं, हे सगळं त्यावरून ठरतं.

पोटाचं माप

मोठ्या माणसाचं पोटभर जेवण पाचशे-सहाशे ग्रॅमच्या आसपास धरा. सहा थांबे घ्यायचे असतील तर एका थांब्याला ८० ग्रॅम, फार तर ९०. आमटीची मधली वाटी अर्धी भरली की साधारण तेवढं होतं. लादीतला एक पाव ४० ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे दोन पाव खाल्ले की एक अख्खा थांबा संपला, आणि पावाची चव तर रोजचीच. म्हणून फेरीत पाव अर्धाच, तोही रस्सा टिपून घ्यायला. उसाचा रस, सोडा, सरबत यांचाही हिशेब ठेवा. एक पेला रस दोन थांब्यांची जागा अडवतो, आणि सोड्याने पोट फुगतं ते वेगळंच.

गट चौघांचा करा. नाशिकमधल्या बहुतेक हॉटेलांत टेबल चौघांचं असतं, वड्याचे चार तुकडे सरळ पडतात, मांड्याची घडी चार भागांत सुटते. आठ जण असाल तर चार-चारचे दोन गट, प्रत्येकाचा वेगळा हिशेब. पाच ही सर्वांत गैरसोयीची संख्या: चार भाग कमी पडतात म्हणून दोन प्लेटा घेतल्या जातात आणि दुसरी अर्धी उरते. बाराच्या वर माणसं झाली की सराफ बाजाराच्या गल्लीत पुढचा मागच्याला दिसत नाही, आणि निम्मा वेळ एकमेकांना फोन करण्यात जातो.

मिसळीला मात्र चौघांत एक हे गणित लावू नका. बऱ्याच ठिकाणी रस्सा हवा तेवढा वाढतात. तो एका प्लेटीला एक माणूस धरून दिलेला असतो. एक प्लेट चौघांत घेऊन पाच वेळा रस्सा मागायचा हा दुकानदारावर अन्याय आहे, आणि काही ठिकाणी तशी पाटीच लावलेली असते. चौघांत दोन प्लेटा घ्या, जास्तीच्या वाट्यांचे पैसे देण्याची तयारी दाखवा, रस्सा एकदाच मागा. एवढं करूनही अर्धी मिसळ म्हणजे चांगली भरपेट न्याहारी होते. तेव्हा ज्या फेरीत मिसळ आहे तिथे मिसळीला दोन थांबे मोजायचे आणि बाकीचे चारच ठेवायचे.

तिखटाचा क्रम

नाशिकच्या मिसळीचा जीव काळ्या मसाल्यात आहे. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजतात. धने, दगडफूल, तमालपत्र, लवंग, मिरी, दालचिनी, चक्रीफूल वेगवेगळं परततात, मग सगळं एकत्र कुटतात. रस्सा लालभडक दिसला नाही म्हणून तो सौम्य असेल असं समजू नका. तिखटपणा नंतर चढतो, दुसऱ्या-तिसऱ्या घासाला. अनेक ठिकाणी काळा आणि लाल असे दोन्ही रस्से मिळतात. दोन प्लेटा घेणारच आहात तर एक काळी, एक लाल घ्या.

चाखताना पायऱ्या अशा. आधी नुसती मटकीची उसळ एक चमचा, शेव-फरसाण न मिसळता. मटकी मोडाची आहे का, आणि दाणा अख्खा राहून आतून मऊ झालाय का, ते इथे कळतं. मग नुसता रस्सा अर्धा चमचा, वरची तर्री बाजूला सारून. भाजलेल्या खोबऱ्याचा वास आधी यायला हवा. कच्च्या मसाल्याची किंवा करपल्याची कडवट चव राहिली तर मसाला बिघडलाय. त्यानंतर फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून एकत्र. रस्सा ओतल्यावर तीन-चार मिनिटांत शेव मऊ पडते, म्हणून पुन्हा थोडी कोरडी शेव वर टाकून दोन्ही पोत पाहा. तर्री सगळ्यांत शेवटी, चमचाभर. नवखी माणसं बरोबर उलटं करतात: आधी तर्री, मग घाम, मग घटाघटा पाणी.

पाण्याने आग शमत नाही, याचं कारण मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतो. पाणी तो तोंडभर पसरवतं. सोबत दिलेलं दही हा त्यावरचा उतारा आहे. गरम चहाने आग वाढते, कारण उष्णता आणि तिखट दोन्ही जिभेवरच्या एकाच संवेदनेला चेतवतात. तेव्हा मिसळीनंतर लगेच चहाची टपरी नको. दही किंवा ताक घ्या, पंधरा-वीस मिनिटं चाला, मग पुढचा थांबा.

गोडाचंही तसंच. जिलेबी खाऊन द्राक्ष तोंडात टाकलं तर गोडातलं गोड द्राक्षही आंबट लागतं. मग बिचाऱ्या द्राक्षवाल्याला नावं ठेवली जातात. फळ आधी, भाकरी-भाजी नंतर, तिखट त्यानंतर, गोड शेवटी.

मैदानातली फेरी

डोंगरे वसतिगृहाच्या मैदानासारख्या मोकळ्या मैदानावर स्टॉल लागतात तेव्हा वेळ साधणं महत्त्वाचं. स्टॉल उघडल्या उघडल्या तवा नीट तापलेला नसतो, पहिली दोन थालीपिठं चिकटतात, तेल कोमट असल्याने पहिला घाणा तेलकट निघतो. रात्री शेवटच्या तासात तेल दमलेलं असतं आणि भरीत तळाला लागलेलं. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात हा वेळ बरा. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा.

१. पहिली पंधरा मिनिटं काहीही न खाता पूर्ण चक्कर मारा. कोणत्या स्टॉलवर जागेवर रांधतायत आणि कुठे घरून करून आणलेलं नुसतं गरम करतायत, ते पाहा. पिण्याचं पाणी, हात धुण्याची जागा आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते डोक्यात ठेवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं तेही आत्ताच ठरवा. गर्दीत फोनची रेंज बरेचदा जाते.

२. या चकरेतच मांड्याची ऑर्डर देऊन ठेवा. मांडे करणाऱ्या मावशी एका खापरावर एक मांडा हातांवर, कोपरापर्यंत फिरवत मोठा करतात. त्याला घाई चालत नाही, आणि सातनंतर रांग लागते. "मावशी, एक मांडा साडेसातला घेऊ, आत्ता भाजू नका, आणि चौघांना घड्या सुट्या करून द्याल का?" एवढं सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही. नाव लिहून घेतलंय ना, हे तेवढं बघा.

३. कूपन असतील तर लागतील त्याच्या निम्मीच आधी घ्या. उरलेली परत घेतात का आणि किती वाजेपर्यंत, हे खिडकीवरच विचारा, कारण बरेचदा घेत नाहीत. कूपन नसतील तर १०, २० आणि ५० च्या नोटा जवळ ठेवा. क्यूआर कोड असला तरी रेंज गेली की मागे रांग अडते.

४. पैसे एकाच माणसाकडे. प्रत्येकी ३०० रुपये काढले तर चौघांचे १२०० होतात. तोच माणूस सगळीकडे देईल, उरलेले शेवटी वाटून घ्यायचे. प्रत्येक स्टॉलवर चौघांनी पाकिटं काढली की पाच मिनिटं जातात आणि भाकरी गार होते.

५. एका थांब्याला दहा-बारा मिनिटं. एक जण रांगेत, एक जण जागा धरायला, दोघं वाट्या-चमचे काढायला. फोटो एकानेच काढायचा, एकच. उलटा वडापाव फोटोसाठी थांबू शकतो, भाकरी थांबत नाही.

काय निवडावं, यावर मत द्यायचंच तर: जे वर्षभर कॉलेज रोडला मिळतं ते महोत्सवात खाऊ नका. मोमो, चीज सँडविच, तंदूर चहा यांच्यापुढे सगळ्यांत मोठी रांग असते, आणि पोट मारायला तीच सर्वांत सोपी वाट आहे. महोत्सवाचं खरं देणं म्हणजे जिल्ह्याच्या कोपऱ्यांतून आलेलं रांधप एका मैदानात मिळतं हे.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या आदिवासी पट्ट्यातल्या बचत गटांकडे नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं (उडदाची दाट आमटी) असलं तर पहिला मोठा थांबा तिथे घ्या. नागली म्हणजे नाचणी. इकडे नागलीच म्हणतात. भाकरी गरम असताना मऊ लागते, गार झाली की चिरते आणि कोरडी पडते. म्हणून तव्यावरून उतरलेलीच मागा, टोपलीतली नको. चौघांत एक भाकरी, भुजं दोन वाट्या.

मालेगाव, सटाणा, देवळ्याच्या बाजूला चवीत खानदेश सुरू होतो. तिकडच्या स्टॉलवर कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत पाहा. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेलं पीठ. भाकरी नेहमीपेक्षा काळपट आणि किंचित खारट असते. भरताला हिरवी मोठी वांगी लागतात, ती थंडीत चांगली येतात. भरीत जाळावर भाजलेल्या वांग्याचं असेल तर धुराचा वास पहिल्याच घासाला येतो. गॅसवर भाजलेल्याला तो जेमतेम असतो. 'वांगी कशावर भाजली?' असं सरळ विचारावं, बाया कौतुकाने सांगतात. शेवभाजी घेतलीत तर शेव तुमच्यासमोर रश्शात टाकायला सांगा. आधीच टाकून ठेवलेली शेव फुगते, रस्सा पिते आणि भाजीचा लगदा होतो. मिसळ, शेवभाजी आणि मटण-भाकरी यांपैकी एका फेरीत एकच. तिन्हींत काळा मसाला असतो, आणि दुसऱ्या पदार्थापर्यंत जीभ बधिर झालेली असते.

उलटा वडापाव नवख्यांनी एकदा बघावाच. पावात वडा भरून अख्खा पाव बेसनाच्या पिठात बुडवतात आणि तळतात. हातात घेतल्यावर जड लागतो तो त्यामुळेच. कढईतून काढल्यावर दोन मिनिटं थांबून सुरीने चार तुकडे करा. आतली वाफ कोंडलेली असते, सरळ चावा घेतला तर टाळू भाजतो. तुकडा कागदावर ठेवल्यावर कागदाला तेलाचं तळं लागलं तर तेल पुरेसं तापलेलं नव्हतं.

थंडीतला महोत्सव असेल तर हुरडा, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षं. हुरडा भाजून चोळल्यावर लगेच खायचा, लसणाच्या किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर; गार झाला की दाणा चिवट होतो. द्राक्षांचा घड घेण्याआधी वरचा मणी चाखू नका. देठाजवळचे, खांद्यावरचे मणी आधी गोड होतात आणि टोकाचे सगळ्यांत शेवटी, म्हणून टोकाचा मणी गोड लागला तर घड खरा पिकलाय. मण्यावरची पांढरट झाक पाहून घाबरू नका. ती सालीवरची नैसर्गिक मेणासारखी लव असते. धुऊन मात्र घ्याच.

गावातली फेरी

महोत्सवाच्या दिवसांत काही मंडळी मैदानाबरोबर गावातल्या जुन्या दुकानांचीही फेरी ठेवतात. ती नसली तरी चार जण आपली आपण करू शकतात. अंतर जेमतेम दोन किलोमीटर आहे, पण पायऱ्या, उतार आणि गर्दी धरून तीन तास लागतात. गाडी आणू नका. रिक्षा किंवा सिटीलिंक बसने पंचवटी कारंज्यावर या. मेन रोड आणि रविवार कारंज्याच्या भागात पार्किंग शोधण्यातच एक थांबा जातो.

सकाळी आठला पंचवटी कारंज्यावर मिसळीने सुरुवात करा, अंबिकासारखं जुनं ठिकाण तिथेच आहे. गाव सकाळी मिसळ खातं. तेव्हा रस्सा ताजा असतो, रविवारी मात्र रांग वाढते. तिखट भाकरी-भाजीनंतर ठेवायचं असं वर सांगितलंय, तरी इथे मिसळ पहिली येते, कारण दुपारी उशिरा ती हवी तशी मिळेलच असं नाही. तोल सांभाळायला मग मोठं चालणं ठेवायचं: काळारामाच्या बाजूने रामकुंडावर, तिथून पूल ओलांडून पलीकडे आणि सराफ बाजारात. एवढ्यात जीभ जाग्यावर येते आणि दुकानंही उघडायला लागतात.

रामकुंडाच्या परिसरात खाऊ नका. तिथे लोक दशक्रियेला, अस्थिविसर्जनाला आलेले असतात. हातात प्लेट घेऊन पायऱ्यांवर बसणं बरं दिसत नाही. सराफ बाजारात दुकानांच्या पायऱ्यांवर बसण्याआधी विचारा. सकाळची बोहनी व्हायची असते, त्या वेळी आठ जणांनी दार अडवून उभं राहिलेलं कोणालाच आवडत नाही.

दहीपुलाजवळ बुधा हलवाईची जिलेबी समोर येते आणि पाय आपोआप थांबतात. थोडा धीर धरा. आधी मेन रोडवर सायंताराचा साबुदाणा वडा घ्या आणि मग मागे येऊन जिलेबी. दोन्हीत अंतर फार नाही. वडा चौघांत दोन पुरे. फोडून पाहा: मधला साबुदाणा पांढरा, टणक राहिला असेल तर तेल जास्त तापलं होतं, बाहेरून रंग आला पण आत शिजलं नाही. एकादशीला आणि चतुर्थीला इथे गर्दी दुप्पट होते, त्या दिवशी अर्धा तास जास्त धरा. कडक उपास असणाऱ्यांनी त्या कढईत दुसरं काही तळतात का, हे कुठेही विचारूनच घ्यावं.

जिलेबी चौघांत २०० ग्रॅम. पाकातून काढल्यावर थोडाच वेळ वरचं कवच कुरकुरीत असतं, मग पाक आत मुरतो आणि ती मऊ पडते. दुकानापुढेच उभ्याने खा. चांगल्या जिलेबीत गोडाच्या मागे हलका आंबटपणा असतो, तो पीठ नीट आंबवल्याचा. नुसता गोड-गोड पाक लागला तर पीठ आंबायला वेळ मिळालेला नाही.

ही फेरी काही दिवशी जमत नाही. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडतात आणि गल्ल्या रंगाने आणि माणसांनी भरतात. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो, बघायला छान, पण आठ जणांचा गट सांभाळायला कठीण. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की सराफ बाजार आणि दहीपुलापर्यंत पाणी येऊ शकतं. नाशिककर पुराचं माप गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. मारुतीच्या पायांपेक्षा वर पाणी चढल्याची बातमी आली की घाटावरचा बेत सरळ रद्द करा. आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे एखादा रस्ता किंवा घाट अचानक बंद असू शकतो, म्हणून गट नेणाऱ्याने आदल्या दिवशी एकदा तो रस्ता चालून यावा. दुकानं किती वाजता उघडतात आणि साप्ताहिक सुट्टी कधी, तेही तेव्हाच विचारून घ्यावं.

पिशवीत काय

माणशी एक स्टीलची वाटी, एक चमचा, लिटरभर पाणी. गटात एक छोटी सुरी, टिश्यूचा गठ्ठा, कचऱ्यासाठी दोन पिशव्या, आणि साबणाची वडी. नुसतं सॅनिटायझर नको: तेलकट, तिखट हातावर ते नीट काम करत नाही आणि तिखट तर अजिबात निघत नाही. त्या हाताने डोळा चोळला की फेरी तिथेच संपते. चपला बंद आणि पक्क्या. मैदानात धूळ, घाटावर ओल. स्वतःच्या वाट्या नेल्याने दोन फायदे: उष्टं होत नाही, आणि "काका, आमच्या चार वाट्यांत द्याल का?" म्हटल्यावर दुकानदारही मोकळ्या मनाने वाढतो.

गट जमवताना आधी प्रत्येकाला चार प्रश्न विचारा: शेंगदाणा, तीळ, गहू, दूध यातलं काही चालत नाही का, कांदा-लसूण चालतो का, एकाच तव्यावर अंडं किंवा मटण झालं असेल तर चालेल का, मधुमेह किंवा पित्ताचा त्रास आहे का. नाशिकच्या तिखट पदार्थांत शेंगदाण्याचं कूट कुठे असेल सांगता येत नाही. पित्तवाल्यांनी रिकाम्या पोटी मिसळीला हात लावू नये. आधी अर्धी भाकरी किंवा एक केळं.

स्टॉल निवडताना

एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक स्टॉलवर लावलेला आहे का, ते पाहा. त्याने चव कळत नाही, पण काही झालं तर कोणाकडे बोट दाखवायचं ते कळतं. मग डोळे आणि नाक वापरा. तेल काळं, दाट आणि फेसाळ झालं असेल, किंवा तापत असतानाच धूर काढत असेल, तर त्या कढईतलं काही नको. तळणाच्या तेलात वापराने तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा नियमाने २५ टक्के आहे. ती यंत्राने मोजतात, आपण फेसावरून अंदाज घ्यायचा. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहायला हवा, म्हणजे वाढताना वाफ दिसली पाहिजे. कोमट रस्सा, उघडी हिरवी चटणी आणि तासाभरापूर्वी चिरून ठेवलेलं फळ, या तिघांनी जितकी पोटं बिघडतात तितकी मिसळीने बिघडत नाहीत. बर्फ टाळा. वडा वर्तमानपत्रात बांधून देत असतील तर आपली वाटी पुढे करा, गरम तेलाने शाई सुटते.

वाइनचं थोडक्यात. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी आहेत, आणि महोत्सवाच्या जोडीने टेस्टिंगचे बेत आखले जातात. ते पायी फेरीच्या दिवशी ठेवू नका. अंतर पायी जाण्याजोगं नाही, वयाचा पुरावा लागतो, आणि गाडी चालवणाऱ्याने चाखायची नसते. दुसऱ्या दिवशी, पोटात काहीतरी असताना जा. टेस्टिंगमध्ये एका वाइनचा घोट ३० मिलीच्या आसपास असतो. पांढरी आधी, लाल नंतर, गोड शेवटी. तिखटाबरोबर घ्यायचीच तर किंचित गोडसर शेनिन ब्लाँ सोसते. तुरट लाल वाइनने मिरची आणखी झोंबते.

दोन्ही फेऱ्यांत शेवटचा थांबा चिवड्याचा असू द्या, आणि तो तिथे खायचा नाही, घरी न्यायचा. कोंडाजी, माधवजी ही नाशकातली जुनी नावं आहेत. दुकानात चिमूटभर चाखून तिखटाचा अंदाज घ्या आणि बंद पाकीट घ्या. सुट्टा घेतला तर पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवू नका, बाटलीला सुटलेला ओलावा पोह्यांना लागतो आणि रात्रीपर्यंत चिवडा मऊ पडतो. घरी गेल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खाताना कांदा आणि लिंबू वाटीत घालायचं, डब्यात नाही.